मागे फिरण्याचा ठराव

प्रवासाचा बेत म्हटला की बहुतेक घरांत आधी तारखा ठरतात, मग गाड्या, मग कपडे आणि फराळ. ज्याचा विचार सर्वांत आधी व्हावयास हवा, तो प्रश्न मात्र निघण्याच्या दिवसापर्यंत कोणी विचारीत नाही. तो प्रश्न असा: वाटेत एखाद्याला पुढे जाणे झेपले नाही, तर काय करावयाचे? महाबळेश्वरच्या किंवा गणपतीपुळ्याच्या सहलीत हा प्रश्न टाळला तरी चालून जाते. तेथे खोलीत पडून राहता येते, औषधाचे दुकान जवळ असते, घर काही तासांच्या अंतरावर असते. हिमालयाच्या उंच भागात यांपैकी काहीच हाताशी नसते.

अलीकडे आपल्या अनेक कुटुंबांत चारही चाकांना जोर देणारी गाडी आली आहे. दोन-चार गाड्यांनी मिळून डांबर संपते तेथून पुढे जावे, तंबूत राहावे, अशी हौस तरुणांत दिसते, आणि त्यात आजी-आजोबांनाही आग्रहाने सामील करून घेतले जाते. ही गोष्ट चांगलीच आहे. पण अशा प्रवासाचा बेत कसा आखावा, हे नीट समजून घ्यावयास हवे. नमुन्यादाखल सांगलीकडील चार कुटुंबांचा एक बेत डोळ्यांसमोर आणावा. यातील माणसे कल्पनेतली आहेत. रस्ता, उंची आणि अडचणी मात्र खऱ्या आहेत.

चार गाड्या आणि तेरा माणसे. सर्वांत वडील सदुसष्ट वर्षांचे आण्णा, रक्तदाबाची गोळी नियमित घेणारे. सर्वांत लहान त्यांची चौदा वर्षांची नात. जाण्याचे ठिकाण हिमाचल प्रदेशातील स्पिती खोरे, आणि सर्वांच्या मनात भरलेले स्थळ म्हणजे चंद्रताल हे सरोवर. महिना सप्टेंबरचा, कारण जुलै-ऑगस्टमध्ये स्पितीत पाऊस थोडा असला, तरी तेथे नेणाऱ्या किन्नौर आणि कुल्लूकडील रस्त्यांवर दरडी कोसळत असतात.

पहिल्या बैठकीत आण्णांच्या पुतण्याने जो आराखडा मांडला, तो दिसण्यात मोठा देखणा होता. सतरा दिवसांची रजा. चार दिवसांत मनाली, पाचव्या दिवशी अटल बोगद्यातून पलीकडे उतरून थेट चंद्रताल, तेथून काझा, मग परत फिरून लेह, आणि लेहहून घरी. एका फेरीत स्पिती आणि लडाख दोन्ही पदरात. पूर्वी या वाटेने जाताना 3,978 मीटर उंचीची रोहतांग खिंड ओलांडावी लागे. 3 ऑक्टोबर 2020 रोजी सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि वाट पुष्कळ सोपी झाली. शरीर मात्र होते तसेच राहिले.

हे प्रथम ध्यानात आले ते आण्णांच्या धाकट्या बहिणीच्या. या अक्का भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी नकाशा बाजूला ठेवला आणि आलेखाच्या कागदावर रोजच्या मुक्कामाची उंची मांडली. मनाली सुमारे दोन हजार मीटरवर, चंद्रताल सुमारे 4,250 मीटरवर. म्हणजे एका दिवसात बावीसशे मीटरची चढाई, आणि त्याच रात्री त्याच उंचीवर झोप. कागदावरची रेघ भिंतीसारखी उभी राहिली. किलोमीटरचा तक्ता पाहून जो बेत सोपा वाटत होता, तो उंचीचा तक्ता पाहताच सर्वांना अवघड वाटू लागला.

समुद्रसपाटीच्या मानाने चंद्रतालच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे साठ टक्केच असतो. प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात कमी होतो. शरीर या बदलाशी जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. म्हणून डॉक्टर सांगतात की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विसावा घ्यावा. हे न पाळल्यास डोके दुखते, मळमळते, अन्न नकोसे होते, झोप लागत नाही. तेवढ्यावर थांबले तर ठीक. पण तशाच अवस्थेत वर चढत राहिल्यास फुप्फुसांत पाणी साठू लागते किंवा मेंदूला सूज येते, आणि मग प्रश्न जिवाचा होतो. यात तरुण आणि धडधाकट माणसाला सूट नसते. उलट उत्साहाच्या भरात तोच लक्षणांकडे अधिक दुर्लक्ष करतो.

अक्कांनी दुसरा आराखडा मांडला. मनालीऐवजी शिमल्याकडून शिरावयाचे. पहिला मुक्काम नारकंडा, सुमारे 2,700 मीटर. दुसरा कल्पा, तीन हजारांच्या किंचित खाली. तिसऱ्या दिवशी सुमारे 3,660 मीटरवरील नाको गाव ओलांडून खाली ताबोला, सुमारे 3,280 मीटरवर झोपावयाचे. दिवसा उंच जाऊन रात्री खाली उतरणे शरीराला मानवते. ताबोचा बौद्ध मठ इ.स. 996 मधला, हजार वर्षांहून जुना; मातीच्या भिंतींतील ती चित्रे पाहण्यासाठी थांबणे हा वेळेचा अपव्यय नव्हे. चौथ्या दिवशी काझा, सुमारे 3,650 मीटर. तेथे तीन रात्री. त्यांतील एका दिवशी लांग्झा, हिक्किम आणि कोमिक ही साडेचार हजार मीटरच्या आसपासची गावे पाहून रात्री पुन्हा काझाला. सातव्या दिवशी 4,551 मीटरची कुंझुम खिंड ओलांडून चंद्रताल. काझाहून ही सहाशे मीटरची उडी नियमापेक्षा थोडी अधिक. म्हणूनच त्याआधी तीन रात्री. आठव्या दिवशी मनाली. नववा दिवस राखीव.

या नऊ दिवसांत लेह बसत नव्हते. ज्याने दोन वर्षे लेहची स्वप्ने पाहिली, त्या पुतण्याचा चेहरा उतरला. “एवढ्या लांब जाऊन अर्धेच पाहायचे?” असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. दोन हजार किलोमीटर गाडी हाकणाऱ्याला तसे वाटणारच.

तेव्हा आण्णा सहज बोलावे तसे म्हणाले, “मी येत नाही. मग तुमचा पहिला बेत जमेल. तुम्ही तरुण माणसे, जाऊन या.”

कोणी काही बोलले नाही. आपल्या घरांत ज्येष्ठांची ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे. आपल्यामुळे कोणाचा आनंद कमी होऊ नये, म्हणून ते आधीच बाजूला होतात. बैठक त्या दिवशी निर्णयाविना उठली. दुसऱ्या बैठकीत पुतण्याने स्वतःच लेहवर काट मारली. आलेखाची ती उभी रेघ त्यालाही रुचली नव्हती, आणि आण्णा आले नसते तरी ती तितकीच उभी राहणार होती.

पुढच्या कामांची वाटणी मग सुरळीत झाली. इंधनाचा हिशेब एकाकडे आला. काझात पंप आहे; तो सोडल्यावर मनालीकडे उतरेपर्यंत पंपाचा भरवसा धरू नये, म्हणून तेथे टाकी काठोकाठ भरावयाची. पहिल्या गियरमध्ये रखडत चालणारी गाडी सपाटीपेक्षा पुष्कळ अधिक इंधन पिते. टर्बो नसलेल्या इंजिनाचा जोर दर हजार मीटरला सुमारे दहा टक्क्यांनी घटतो, हेही ध्यानात ठेवून सामान बेताचे घ्यावयाचे. रोख रक्कम दोन ठिकाणी विभागून ठेवावयाची. विम्याची कागदपत्रे वाचून पाहावयाची, कारण इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान साध्या पॉलिसीत अनेकदा धरलेले नसते; त्यासाठी वेगळे जोड-संरक्षण घ्यावे लागते. परदेशी नागरिकत्व घेतलेला एखादा नातलग सोबत येणार असेल, तर किन्नौरमधील रिकाँग पिओ ते ताबो या पट्ट्यासाठी त्याला परवाना काढावा लागतो. भारतीय नागरिकांना तो लागत नाही. उपग्रह फोन परवानगीशिवाय बाळगणे आपल्या देशात गुन्हा आहे, म्हणून तो विचार सोडून गाड्यांमध्ये बोलण्यासाठी 446 मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातील साधे वॉकी-टॉकी घ्यावयाचे ठरले.

गाड्यांच्या क्रमाचा नियम लहानसा, पण मोलाचा. वाट जाणणारा पुढे आणि सर्वांत अनुभवी चालक शेवटी. दोर, हवा भरण्याचा पंप, पंक्चरचे साहित्य आणि औषधांची पेटी शेवटच्या गाडीत, कारण जी गाडी अडते ती शेवटच्या गाडीच्या पुढेच असते. प्रत्येकाने आरशात मागची गाडी पाहत राहावयाचे. ती दिसेनाशी झाली की थांबावयाचे. असे केले म्हणजे सर्वांत सावकाश चालणाऱ्या गाडीचा वेग हाच साऱ्या तांड्याचा वेग होतो. अडकलेली गाडी दोराने ओढताना दोराच्या आसपास कोणी उभे राहावयाचे नाही. ताणलेला दोर किंवा त्याची कडी सुटली तर ती गोळीसारखी येते.

कुंझुम ते ग्राम्फू हा या वाटेचा सर्वांत खडतर भाग. येथे ओढे रस्त्यावरूनच वाहतात. त्यांचे पाणी वरच्या बर्फाचे. रात्रीच्या थंडीत ते आटते, ऊन चढू लागले की वाढते, आणि दुपारनंतर सकाळचा घोटाभर ओढा गाडी ढकलू लागतो. म्हणून चंद्रतालहून पहाटे निघावयाचे आणि ओढे दुपारपूर्वी ओलांडावयाचे. एका वेळी एकच गाडी पाण्यात. हलका गियर, एकसारखा वेग, मध्ये गियर बदलावयाचा नाही. पाण्यात इंजिन बंद पडले तर ते पुन्हा सुरू करण्याचा मोह आवरावयाचा आणि गाडी ओढून काढावयाची. मात्र रस्ता सोडून नदीत किंवा कुरणात गाडी घालणे याला साहस म्हणता येत नाही. डिसेंबर 2023 मध्ये वाहतूक कोंडीतून सुटण्यासाठी एका चालकाने लाहौलमध्ये चंद्रा नदीच्या पात्रातूनच गाडी नेली, आणि पोलिसांनी त्याला दंड केला. त्या थंड वाळवंटात गवताचे पातेदेखील मोठ्या कष्टाने उगवते. चाकाखाली चिरडलेली भूमी लवकर सावरत नाही.

मुक्कामाचे नियमही असेच. 2005 साली रामसर यादीत समाविष्ट झालेल्या चंद्रतालच्या काठावर तंबू ठोकण्यास मनाई आहे. तंबूंची जागा सरोवरापासून काही अंतरावर आहे, आणि शेवटचे अंतर पायी जावयाचे असते. ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबू लावू नये. शौचाची जागा पाण्यापासून किमान साठ मीटर दूर असावी. कितीही थंडी असली तरी शेगडी किंवा निखारे तंबूत घेऊ नयेत. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागा होऊ देत नाही. आणलेला प्रत्येक कागद आणि पिशवी परत न्यावयाची.

स्वयंपाकाचे काम स्त्रियांवर न टाकता ते चारही गाड्यांत वाटले गेले. चंद्रतालच्या उंचीवर पाणी शंभर अंशांऐवजी सुमारे 86 अंशांवरच उकळते. उघड्या पातेल्यात डाळ तासन् तास ठेवली तरी शिजत नाही, म्हणून कुकर अत्यावश्यक. पिण्याचे पाणी त्या उंचीवर उकळी फुटल्यावरही तीन मिनिटे उकळू द्यावे. कोरड्या फराळात दशम्या, खाखरे, मेतकूट आणि मुगाचे लाडू; काझाला स्पितीचे ताजे मटार मिळाले तर आनंदच. गटातील काहींचा सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम होता, आणि प्रवासात तो कसा पाळावा याची त्यांना चिंता होती. वेळापत्रक करताना ती चिंता आपोआप मिटली. डोंगरात दुपारी चारपर्यंत मुक्कामी पोहोचणे, उजेडात तंबू लावणे, उजेडातच जेवून लवकर निजणे, हेच सर्वांच्या हिताचे. ज्यांचा असा नेम नव्हता, त्यांनीही तीच वेळ स्वीकारली.

आता उरला होता तो मूळ प्रश्न. तिसऱ्या बैठकीत अक्कांनी दोन घटना सांगितल्या. सप्टेंबर 2018 च्या अखेरीस अवेळी बर्फ पडून लाहौल-स्पितीत शेकडो लोक अडकले आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांना धावून यावे लागले. जुलै 2023 मध्ये चंद्रतालच्या तळावर अडीचशेहून अधिक पर्यटक बर्फात अडकून पडले. रस्त्यावरील बर्फ हटवून त्यांना बाहेर काढण्यात आले. “जुलै काय, सप्टेंबर काय, डोंगर कॅलेंडर पाहत नाही,” त्या म्हणाल्या. “वर गेल्यावर मागे फिरावे की नाही, हा वाद घालायला डोके थाऱ्यावर नसते. विरळ हवेत विचारही विरळ होतो. तो वाद इथेच घालू या.”

वाद झाला, आणि त्यातून एका कागदावर ठराव उतरला. पुढे जाण्यास सर्वांची संमती हवी; मागे फिरण्यास एकाचा शब्द पुरे, आणि त्या शब्दाचे कारण त्याच क्षणी विचारावयाचे नाही. डोके दुखून मळमळत असेल त्या दिवशी वर चढावयाचे नाही. विश्रांतीनेही बरे वाटले नाही तर खाली उतरावयाचे. बसल्या जागी दम लागला, चालताना तोल गेला किंवा बोलण्यात गोंधळ झाला, तर वाट न पाहता रात्री-अपरात्रीही उतरावयाचे, आणि उतरताना दोन गाड्या बरोबर असावयाच्या. कुंझुमवर ताजे बर्फ असेल किंवा प्रशासनाने मनाई केली असेल, तर आल्या वाटेने किन्नौरमार्गे परतावयाचे. तो नववा राखीव दिवस यासाठीच होता. तो खर्च झाला नाही तर उत्तम. पण तो इतर कशासाठी वापरावयाचा नाही.

सर्वांनी माना डोलावल्या. आण्णा मात्र कागदाकडे पाहत बसले होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, “हे सगळे ठीक आहे. पण माझे डोके दुखले तरी मी तुम्हाला सांगणार नाही, हे मला आत्ताच ठाऊक आहे. म्हणून तर मी येत नव्हतो.”

इतका वेळ चाललेल्या चर्चेत खरा धोका प्रथमच उघडपणे बोलला गेला. उंचीवरील आजार पुष्कळदा लपवल्यामुळे बळावतो. मुले आई-वडिलांच्या धाकाने लपवतात, तरुण मित्रांसमोर कमीपणा नको म्हणून लपवतात, आणि वडीलधारे इतरांचा विरस नको म्हणून लपवतात. “कसे वाटते?” असे विचारले की उत्तर ठरलेले: “बरे आहे.”

म्हणून ठरावात आणखी एक कलम आले. रोज संध्याकाळी जेवणापूर्वी प्रत्येकाला चार नेमके प्रश्न विचारावयाचे. रात्री झोप लागली का? आज किती खाल्ले? डोके किती दुखते? मळमळते का? शिवाय प्रत्येकाने टाचेला अंगठा लावीत सरळ रेषेत दहा पावले चालून दाखवावयाचे. उत्तरे वहीत लिहावयाची. हे काम चौदा वर्षांच्या नातीकडे सोपवले गेले, कारण मुलाला आणि पुतण्याला आण्णा सहज फसवू शकत. तिला त्यांनी आजवर कधी फसवले नव्हते.

शेवटी प्रत्येकासाठी एकेक कागद भरावयाचा होता. रक्तगट, नियमित औषधे, डॉक्टरांनी प्रवासापूर्वी केलेल्या तपासणीचा अभिप्राय, घरी कळवावयाचा क्रमांक. मधुमेह असलेल्या काकांनी इन्सुलिन गोठू नये म्हणून ते रात्री अंगाशी ठेवण्याची नोंद केली. सर्वांत खाली अक्कांनी एक रकाना आखला होता: “खाली उतरावे लागल्यास सोबत कोण?” प्रत्येकाच्या कागदावर हे नाव निघण्यापूर्वीच लिहिले जाणार होते. म्हणजे ऐन वेळी कोणाला ‘तू थांब, मी जातो’ असे म्हणावे लागणार नव्हते आणि उतरणाऱ्याला ओशाळवाणे वाटणार नव्हते.

आण्णांनी आपला कागद भरला. रक्तदाबाच्या गोळीचे नाव सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिले. शेवटच्या रकान्यापाशी त्यांचे पेन थांबले. आपल्यासाठी कोणाचे चंद्रताल बुडवावे, हे त्यांना लिहवेना. तेव्हा पुतण्याने त्यांच्या हातातून पेन घेतले आणि त्या रिकाम्या जागी स्वतःचे नाव लिहिले. मग कागद नातीपुढे सरकवून तो म्हणाला, “हा वहीत पहिला लाव.”